पाचपासून पुढे

“पाचपासून मोजायचं,” तोदोसिया म्हणाली. “पहिल्या चार मोजून झाल्यात.”

मी अंगणातल्या बाकावर बसून बुटांना चरबी चोळत होतो. ईस्टरला आठवडा उरला होता. तोदोसिया फाटकाबाहेरूनच बोलत होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने सकाळी सकाळी असल्या आवाजात बोलायला सुरुवात केली, की आमच्या गावात दोनच गोष्टी संभवतात : कोणीतरी मेलं, किंवा कोणाची तरी गाय कोबीत शिरली. मी दोन्हींची तयारी ठेवून विचारलं, “काय मोजायचं?”

“घोंगड्या.”

“कुणाच्या?”

“माझ्या. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, चर्च सुटल्यावर, माझ्या अंगणात. गावाला तू बोलव, तुझं ऐकतात. आणि मोजायचंही तूच. मोठ्यानं. तूच हाकत होतास ना गाडी?”

मी हातातला बूट खाली ठेवला. पंचावन्न वर्षांत त्या गाडीचं नाव तिने माझ्यासमोर काढलं नव्हतं.

“आत्ताच काय निघालं?” मी म्हणालो.

“चोविसावी या हिवाळ्यात पुरी झाली. मागावरनं काल उतरवली.” एवढं बोलून ती गेली. हो-नाही ऐकायला थांबली नाही.

ती गाडी म्हणजे तिच्या लग्नाची गाडी.

आमच्या डोंगरात मुलगी बघायला गेलं की आधी आढं बघतात. पाहुण्यांच्या खोलीत बाकावर घोंगड्यांची चळत रचलेली असते. ती आढ्याच्या जितकी जवळ, तितकं मुलीच्या आईचं नाक वर. आणि आमची घोंगडी म्हणजे काही साधं प्रकरण नाही. एकीला बारा मेंढ्यांची लोकर लागते. माझ्या आजोबांकडे एक पाहुणा ऑक्टोबरात मुक्कामाला आला, रात्री घोंगडी अंगावर घेतली आणि त्याला ती उचलताच येईना. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर आम्ही तिघांनी मिळून त्याला ओढून काढला. बरा होता. थोडा वाळला होता, इतकंच.

लग्नाच्या दिवशी ती चळत गाडीवर चढते, गावभर मिरवत नवऱ्याच्या दारी जाते आणि तिथे सासू एकेक घोंगडी उतरवून मोठ्याने मोजते. मोजणी पुरी झाल्याशिवाय नवरीने उंबरा ओलांडायचा नाही.

तोदोसियाच्या आईने चोवीस कबूल केल्या होत्या. बाप लढाईत गेलेला. त्यातच आदल्या वर्षी खरजेने मेंढ्या मेल्या. चोवीसपैकी चार झाल्या. उरलेल्या वीस मायलेकींनी पोत्यांत पेंढा ठासून केल्या, आणि प्रत्येक पोत्याच्या कडेला जुन्या घोंगडीची झालर शिवली.

आता खरं सांगायचं तर चळतीत पेंढा कोण भरत नव्हतं? निम्म्या गावाच्या चळती वरून मेंढीच्या आणि खालून गव्हाच्या. पण त्याला एक रीत होती. सासू वरच्या दहा-बारा मोजायची, मग खालच्यांवरून हात फिरवून म्हणायची, “आणि बाकीच्या.” सगळ्या सासवा असंच म्हणायच्या, कारण त्यांच्याही वेळी कोणीतरी तसं म्हटलेलं असायचं. तोदोसियाच्या आईचं चुकलं ते एवढंच, की वर ठेवायला तिच्याकडे चारच होत्या. आणि नवऱ्याची आई होती नास्तासिया.

“एक,” नास्तासिया म्हणाली. “दोन. तीन. चार.” पाचवीला हात घातला आणि थांबली. झालर उचकटून मूठभर पेंढा बाहेर काढला, आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

नवरा मुलगा, सिमिओन, स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. तो पुढेही जन्मभर तिकडेच बघत होता. त्याच्या मामाने पुढे होऊन घोड्याचा लगाम धरला. गाडी परत वळवायची, म्हणजे मुलगीही परत.

गाडीवर मी होतो. वय एकोणीस, पोटात कालची होरिंका दारू, तोंडाला लगाम नाही.

“नास्तासियामावशी, माफ करा, चूक माझी,” मी म्हणालो. “निघालो तेव्हा चोवीस होत्या. चढावर सात बकऱ्या मागं लागल्या. मला वाटलं, करवल्या आहेत. म्हटलं, एवढ्या नटूनथटून आल्यात तर येऊ देत. मागं वळून बघतो तर काय, खालनं खात खात पाचवीपर्यंत आलेल्या. बरं, खाऊन झाल्यावर आपापलं टाकून पण गेल्या; हा पेंढा त्यांचाच.”

आधी मामा हसला. मग अंगण हसलं. शेवटी नास्तासिया इतकी हसली की डोक्यावरचा रुमाल मानेवर आला, आणि हसता हसता तिने हाताने खूण केली : या आत. तोदोसियाने उंबरा ओलांडला. मला दोन पेले जास्त मिळाले. एका मुलीचा संसार वाचवला, अशा तोऱ्यात मी घरी गेलो. खोटं नाही, वाचवला होताच. पण वाचवणारा काही पुढचे हाल बघायला थांबत नाही.

ती गोष्ट खिंड ओलांडून पलीकडच्या गावांत गेली आणि महिन्याभराने बारा बकऱ्या आणि एक बोकड घेऊन परत आली. तोदोसियाचं नाव ‘बकऱ्यांची सून’ पडलं. दुकानात गेली की मागून कोणीतरी बँऽऽ करायचं. चर्चमध्येसुद्धा. तिचा मुलगा शाळेत गेला तर त्याला करडू म्हणाले. तो आज इटलीत तोरिनोला फरशा बसवतो आणि सुट्टीला समुद्रावर जातो, गावाकडे येत नाही.

नास्तासिया हसली होती खरी, पण विसरली नव्हती. त्यांच्या मळ्याखाली ओढ्यावर भोवरा होता. ओकच्या फळ्यांचं मोठं टाकं, वर रुंद, खाली निमुळतं; पन्हळीतून पाणी जोरात आत पडतं आणि गरगरत राहतं. नवी घोंगडी त्यात दिवसभर फिरली की घट्ट होते, तिचे केस उठतात. जुनी फिरली की नवी होते. पंचक्रोशीतल्या घोंगड्या तिथेच यायच्या. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नास्तासियाने सुनेला तिथे नेऊन उभं केलं.

“जिला घोंगड्या आणता आल्या नाहीत,” ती म्हणाली, “तिनं धुवाव्यात.”

तोदोसिया तिथे पंचावन्न वर्षं उभी राहिली.

हे काम दिसतं तसं नाही. घोंगडी तासभर जास्त फिरली तर आटते, पाय झाकावे तर छाती उघडी. तासभर आधी काढली तर केस चपटे. घड्याळ उपयोगाचं नाही, कारण ओढ्याचं पाणी रोज वेगळं. तोदोसिया हात घालून बघायची. मार्चमध्ये त्या पाण्यात बर्फाचे तुकडे असायचे. तिची बोटं चाळिशीतच अशी झाली की हस्तांदोलन केलं की आपण झाडाची मुळी धरलीय असं वाटायचं.

मी तिथे जाऊन बसायचो. घोंगडी फिरेपर्यंत बायका खोळंबून असायच्या, आणि खोळंबलेल्या बायका असल्या की मला घरी बसवत नाही. मी गोष्टी सांगायचो. कोणीतरी “ती बकऱ्यांची सांगा” म्हणायचं, आणि मी सांगायचो. तोदोसिया पलीकडे पाण्यात पाय रोवून काम करत असायची. पाण्याचा आवाज एवढा असतो की तिला ऐकू येत नसेल, असं मी स्वतःला सांगत असे. ही माझी सगळ्यात मोठी थाप.

तर भोवऱ्याच्या फळ्यांमधून पाणी गळतं आणि त्याबरोबर सुटलेली लोकरही जाते. एका घोंगडीची जेमतेम चिमूटभर. तोदोसियाने दुसऱ्याच वर्षी खालच्या अंगाला वाळुंजाच्या काड्यांची जाळी बसवली. संध्याकाळी त्यात अडकलेलं गोळा करायची, वाळवायची, पिंजायची. असल्या आखूड लोकरीचं सूत निघत नाही. चातीवर घेतलं की तुटतं. ती तुटलेलं जोडायची. घरच्या मेंढ्यांची लोकर अर्धी सरकार न्यायचं, अर्धी सासू. तिची अशी ती जाळीतली. दोन-तीन वर्षांनी एक घोंगडी व्हायची. रंग ना राखाडी ना तपकिरी. सगळ्या गावाची लोकर एकत्र केली तर जो होईल तो, भिजल्या मेंढीचा.

आता तर लोकर कोणी विचारत नाही. मेंढपाळ कातरतात आणि रस्त्याच्या कडेला ढीग करून जाळतात. मे महिन्यात सगळ्या खोऱ्याला जळक्या केसांचा वास असतो. मी एकदा तिला म्हणालो, “फुकट मिळतेय, गाडीभर आण. एका हिवाळ्यात चोवीस पुऱ्या होतील.”

“ती फुकटची,” ती म्हणाली. “ही कमावलेली.”

अजून एक सांगायचं राहिलं. नास्तासिया मेली तेव्हा तिला ठेवायच्या फळीवर घालायला घोंगडी हवी होती. पाहुण्यांच्या खोलीत तोदोसिया आणि मी दोघंच होतो. नास्तासियाची चळत आढ्याला टेकलेली, गावातली सगळ्यात उंच. वरून सातवी ओढली आणि बाकावरून घरंगळत एक पोतं खाली येऊन उसवलं. झालर लावलेलं. त्याच्याखाली आणखी तसलीच.

तोदोसियाने पेंढा गोळा केला आणि चुलीत घातला.

“हे कुठं बोलायचं नाही,” ती म्हणाली.

“अगं, ह्या बाईनं तुला...”

“मेलेल्या माणसाचं मोजत नाहीत.”

मी शब्द पाळला. पाळायला फार जड गेला. असली गोष्ट हातात असून गप्प बसणं म्हणजे माझ्यासाठी तोंडात निखारा धरणं. पण पाळला.

तर ईस्टरचा दुसरा दिवस. मी गावभर बोलावणं केलं होतं आणि चर्च सुटल्यावर चाळीसेक माणसं आली. म्हाताऱ्या बायका आल्या, सुट्टीला इटलीहून आलेली मुलं-सुना आल्या, नवे बूट, नवे फोन. एक सून माझ्या कानाशी लागून म्हणाली, “ह्याच का त्या बकऱ्यांवाल्या आजी?” मी मान हलवली. कशासाठी हलवली, हो म्हणून की नको म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

कुंपणावर आणि दोन लांब वाशांवर वीस घोंगड्या टाकलेल्या. तोदोसियाने काळा घागरा, पांढरा सदरा, नवा रुमाल घातला होता. ती उंबऱ्याबाहेर उभी होती, जिथे नवरीला उभं करतात बरोबर तिथे. लग्न होऊन पंचावन्न वर्षं झाली तरी तिच्या मते मोजणी अजून व्हायची होती.

“कर सुरू,” ती म्हणाली.

“पाच,” मी म्हणालो, आणि पहिल्या घोंगडीवर हात ठेवला. “सहा. सात.”

मला वाटलं होतं, लोक हसतील. पण हसले नाहीत. आठवीला एका म्हातारीने पुढे होऊन केसांत बोटं घातली आणि म्हणाली, “चांगली उठवलीय हो.” नववीला कोणीतरी विचारलं की पाचपासून का, आणि शेजारणीने हळूच समजावून सांगितलं. तोदोसिया समोर बघत होती, सगळ्यांच्या डोक्यांवरून. दहावीला तिची हनुवटी थोडी वर आली.

“अकरा,” मी म्हणालो.

“थांबा जरा, गाव्रिलाकाका.” व्हरवारा पुढे आली. साठीची बाई, आवाज घंटेचा. तिने अकराव्या घोंगडीचा कोपरा उलटला. त्या करड्या लोकरीत बोटभर हिरवट धागा चमकत होता. “हा हिरवा आमचा. बापानं लष्करातनं रंग आणलेला, आईनं लोकर रंगवली आणि चार दिवस हिरवे हात घेऊन हिंडत होती. असा रंग ह्या गावात दुसऱ्या घरी नव्हता.”

“तुमचाच,” तोदोसिया म्हणाली. “जाळीत आलेला.”

“म्हणजे लोकर आमची.”

“पाण्यानं नेलेली. मी काढली नसती तर तिसा नदीत गेली असती.”

“पाण्यानं नेली का तू नेलीस?”

मग दुसरी पुढे आली, मग तिसरी. ही तपकिरी आमच्या आजीच्या मेंढ्यांची. हा काळा पट्टा बघा, हा आमचा. पाच मिनिटांत कुंपणावरच्या सगळ्या घोंगड्यांना वारस निघाले.

“तरीच,” व्हरवारा म्हणाली, “आईची घोंगडी दरवेळी विरळ होऊन परत यायची. जास्त वेळ फिरवत असणार ही. जितकं फिरवावं तितकी लोकर सुटते. आपल्या घोंगड्या बोडक्या आणि हिच्या केसाळ.”

आता हे म्हणजे दूधवाल्याला ‘पाणी घालतोस’ म्हणण्यासारखं. छे, त्याहून वाईट. दूधवाला निदान घालतो तरी.

तोदोसिया ओरडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

“गाव्रिला,” ती म्हणाली, “तू बसायचास तिथं. सांग त्यांना.”

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. व्हरवाराच्या आईची घोंगडी जुनी झाली होती म्हणून तोदोसिया ती मुद्दाम आधी काढायची, फार झिजू नये म्हणून. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. पोराला ताप असताना ती एक डोळा पाण्यावर ठेवून भोवऱ्यापाशी बसली होती, परक्याची घोंगडी आटू नये म्हणून. तेही बघितलं होतं. इतकं सांगायचीही गरज नव्हती. “नाही, तिनं कधीच जास्त फिरवली नाही,” एवढं बोललो असतो तरी पुरलं असतं. माझ्या तोंडून गाव काहीही ऐकतं.

पण चाळीस चेहरे तापले होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. गर्दी तापली की मला एकच औषध येतं. ते एकदा लागू पडलं होतं.

“अगं बायांनो, भांडता कशाला?” मी म्हणालो. “त्या बकऱ्यांनी तेव्हा खाल्लेलं, ते आत्ता कुठं बाहेर पडलंय.”

अंगण हसून फुटलं. व्हरवाराला कुंपण धरून उभं राहावं लागलं. इटलीवाल्या मुलांनी आपल्या तिकडच्या बायकांना उलगडून सांगितलं, मग त्या हसल्या. एका म्हाताऱ्याला ठसका लागला, त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. भांडण संपलं. वारसदार सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते.

“राहू देत गं तुलाच,” व्हरवारा डोळे पुसत तोदोसियाला म्हणाली. “मला काय करायच्यात? टोचतात. माझ्याकडे दोन वाघ आहेत.” वाघ म्हणजे ते बाजारातलं गुळगुळीत पांघरूण, प्लास्टिकच्या सुताचं, वर जबडा वासलेला वाघ. आता घरोघरी तेच आहे. धुवायला मशीन पुरतं.

मग कोणाला तरी जेवणाची आठवण झाली. मटण थंड होत असेल, ईस्टरचा पाव, पास्का, कापायचा राहिलाय, असं म्हणत मंडळी निघाली. फाटकातून बाहेर पडताना जो तो माझ्या पाठीवर हात मारून जात होता. रस्त्याच्या वळणावर कोणीतरी बँऽऽ केलं, आणि दूरवर पुन्हा हसू आलं.

अंगणात आम्ही दोघंच उरलो.

“पुढं मोजू?” मी म्हणालो. “तेराच राहिल्यात.”

“मला माहीत आहे किती राहिल्यात.”

“तोदोसिया, मी त्यांना शांत करायला...”

ती वाशाकडे गेली आणि पहिली घोंगडी खाली ओढली. असल्या घोंगडीची घडी एकट्या माणसाने होत नाही. एकाने दोन टोकं धरायची, समोरच्याने दोन, ताण द्यायचा, मग एकमेकांकडे चालत यायचं. मी पुढे होऊन माझ्या बाजूची टोकं धरली, जशी कोणीही धरेल. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. हिसकावली नाही, लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घेतात तशी काढून घेतली.

मग ती दाराशी गेली. दार उघडलं, घोंगडीची एक कड आत सरकवली, दार मिटलं. कड दारात घट्ट धरली गेली. ती मागे मागे सरकत आली, ताण दिला, झटकली, आणि दाराकडे चालत जाऊन घडी घातली. सिमिओनला जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं ती अशाच घड्या घालत असणार. दाराच्या चौकटीला त्या उंचीवर लोकरीचा तेलकट डाग पडला होता.

मी टोपी हातात धरून उभा होतो. दार उघडायचं, कड आत, दार मिटायचं, ताण, घडी. पुन्हा दार उघडायचं. वीस घोंगड्यांना बराच वेळ लागतो. तिने मला जा म्हटलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही.

शेवटची घडी छातीशी धरून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. तेव्हाही तिने ते आपटलं नाही.